पत्र्यावरची माणसं

नवरा गेला त्या दिवशी रडायच्या आधी मी नगरपालिकेत भांडायला गेले. लोकांना ते बरं दिसलं नाही. माझा दीर इग्नात्सिओ दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, घरात दुःख झालंय, आज कुठं निघालात?"

"झालंय म्हणूनच निघालेय," मी म्हटलं. "बाजूला हो."

गास्पारेने जाताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. दवाखान्यात नाकातोंडात नळ्या, बोलताना धाप लागायची, तरी माझं मनगट धरून म्हणाला, "एन्झा, मला मागच्या गल्लीतून नेऊ नका." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं सोपं असतं. ते करायची वेळ आली की कळतं आपण काय बोलून बसलोय.

आमचं दुकान सान कालोजेरोच्या चौकात, चर्चच्या पायऱ्यांना लागूनच. हरभऱ्याच्या पिठाचे पानेल्ले तळायचे, गरम पावात घालायचे, वर लिंबू पिळायचं. गास्पारेने जन्मभर तेच केलं आणि त्याच्यासारखे पानेल्ले अख्ख्या सिसिलीत कुणाचे होत नाहीत हे मी बायको म्हणून सांगत नाही, खाणारी म्हणून सांगते. आमच्या चौकाची रीत अशी, की इथं दुकान किंवा दार असलेला माणूस गेला की त्याला चर्चच्या मोठ्या दरवाजातून बाहेर आणतात. सहा जण खांदा देतात आणि चौकाची एक फेरी होते. फेरी त्याच्या दुकानापुढं थांबते. घरची बाई पुढं होऊन शटर वर करते, जरा वेळ धरते आणि खाली सोडते. ही त्याची शेवटची दुकानबंदी. मग त्याला गाडीत ठेवायचं. दात काढणारा असो की मासे विकणारा, फेरी झाली म्हणजे माणूस नीट मार्गी लागला, असं आम्ही मानतो. कुणी हसलं तर हसू दे.

गेली अकरा वर्षं एकाचीही फेरी झाली नव्हती. आमची सगळी माणसं चर्चच्या बाजूच्या दारातून मागच्या गल्लीत आणि तिथून गाडीत गेली. त्या गल्लीत मासळीबाजाराची घाण वाहते. माझी सासू तिथूनच गेली. जिने हयातभर डोक्यावर रुमाल नसताना चर्चची पायरी चढली नाही, तिच्या शवपेटीवर माशा बसल्या होत्या. गास्पारेने ते पाहिलं होतं.

आणि हे सगळं कशामुळं? त्या बॅरिकेडमुळं.

झालं असं, की चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक दगडी देवदूत आहे. त्याच्या पंखाचा तुकडा एका दुपारी खाली पडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं ट्रक घेऊन आली. सिमेंटचे ठोकळे टाकून त्यांत पुरुषभर उंचीचे पत्रे उभे केले, पत्र्यांच्या वर भगवी प्लॅस्टिकची जाळी ताणली आणि अर्धा चौक गिळून टाकला. पायऱ्या आत गेल्या, कारंजं आत गेलं, आमच्या दुकानाच्या पुढ्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट राहिली. "तात्पुरतं आहे," म्हणाले. आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे नातवंडांनी पाहावं एवढं.

पुढं देवदूताला नवा पंख बसला. परांची उतरली, बिशपसाहेब येऊन पाणी शिंपडून गेले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोतसुद्धा खाली पत्रे दिसत होते. कारण देवदूत एका खात्याचा आणि पत्रे दुसऱ्या खात्याचे. पहिल्या खात्याने दुसऱ्याला कळवलं नाही, की दुसऱ्याने ऐकलं नाही, देव जाणे. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमच्याकडे सहा महिन्यांत तर साहेबांची खुर्चीसुद्धा पुसून होत नाही. चौक राखायला म्हणून लावलेल्या त्या पत्र्यांनी चौकच खाल्ला. कुंपणानं शेत खाल्लं, दुसरं काय! आत गवत वाढलं, अंजिराचं झाड उगवलं, मांजरांनी संसार थाटले. ज्या पायऱ्यांवर आमच्या बायका संध्याकाळी वाटाणे सोलत बसायच्या तिथं रिकाम्या बाटल्यांचा ढीग साचला. बाहेरगावची माणसं यायची, पत्र्याच्या भोकाला डोळा लावून चर्च बघायची आणि आमच्याकडे कीव आल्यासारखी बघून जायची. त्या किवेने माझं डोकं जास्त फिरायचं.

तर मी नगरपालिकेत गेले. रस्ते खात्याचा साहेब म्हणजे दोत्तोरे स्पातारो. कॉलेज शिकलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे दोत्तोरे म्हणतात. ह्याने उभ्या जन्मात कुणाला साधी गोळीसुद्धा दिलेली नाही.

"सीन्योरा, आधी बसा," तो म्हणाला. "झालं ते फार वाईट—"

"वाईट झालंय ते माझं मला कळतंय. पत्रे कधी काढताय?"

"त्याची एक पद्धत असते. पाहणी होते, अहवाल येतो, मग सही..."

"उभे केले तेव्हा कुठं होती पद्धत? एका रात्रीत उभे केलेत."

"तेव्हा वरून धोका होता, सीन्योरा."

"वरचा धोका गेला. खालचा कोण काढणार?"

तो हसला. वयस्कर बाईकडे बघून हसतात तसं. "समजा मी पत्रे काढले आणि उद्या कुणाच्या डोक्यात काही पडलं, तर? सही माझी असणार ना."

ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली, पण बसले नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी साडेदहाला चर्चमध्ये प्रार्थना आहे. ती झाली की मी इकडेच येते. खांदा देणारे सहा जण, बँड, फादर, सगळी आळी आणि गास्पारे. चौकात फेरी घालता येत नाही ना? मग तुमच्या कचेरीत घालू. तुमच्या ह्या टेबलाभोवती. तेवढी खुर्ची भिंतीला सरकवून ठेवा. पेटी लांब आहे, वळताना तुम्हाला लागेल."

दोत्तोरेचं हसू मावळलं. त्याचा हात आपोआप खिशातल्या किल्ल्यांकडे गेला. लोखंडाला शिवलं की मरण लांब राहतं, हे कॉलेजातसुद्धा पुसलं जात नाही. पलीकडच्या टेबलावरची कारकून बाई उठून लोखंडी कपाटाला चिकटून उभी राहिली.

"तुम्ही असं करणार नाही," तो म्हणाला.

"माझ्या सासूच्या पेटीवर माशा बसलेल्या मी पाहिल्यात, दोत्तोरे. मी काहीही करीन."

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. सकाळी आठला ट्रक येईल, म्हणाला. सही कुणाची लागणार होती ते मी विचारलं नाही. जी सही अकरा वर्षं सापडत नव्हती ती मेलेल्या माणसाच्या भीतीने एका फोनवर सापडली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ही, पण मेलेला स्वतः दारात येतो म्हटलं की टरकते!

चौकात परतले तर इग्नात्सिओ खळीची बादली आणि ब्रश घेऊन पत्र्यांपुढं उभा. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा काळ्या काठाचा कागद चौकात लावतात, वर फोटो, खाली प्रार्थनेची वेळ. त्यासाठी चर्चच्या भिंतीवर एक चांगली संगमरवरी चौकट आहे, पण ती बॅरिकेडच्या आत अडकली. मग लोक पत्र्यांवरच कागद लावायला लागले. इतक्या वर्षांत सगळी आळी तिथं जमली होती. कुणी कागदावर काच बसवली, कुणी प्लॅस्टिकची फुलं तारेनं बांधली, कुणी बॅटरीची मेणबत्ती लावली. इग्नात्सिओने मिळेल त्या मोकळ्या जागेत गास्पारे चिकटवला होता.

"बघा वहिनी, एक पत्रा सोडला नाही!" तो डोळे पुसत म्हणाला. "भावासाठी एवढं तरी."

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी म्हटलं, छान केलंस. फोटो पुतण्याच्या लग्नातला होता, गास्पारे नुकताच दाढी करून आलेला. मी एक कोपरा निघत होता तो दाबून बसवला. ज्या पत्र्यांसाठी सकाळी भांडून आले त्यांच्यावरच संध्याकाळी नवऱ्याला नीट चिकटवला. अशी अक्कल फक्त आमच्याच आळीत मिळते.

सकाळी आठला ट्रक आला, हे खोटं वाटेल पण आला. मुकादम फिलिप्पो आणि त्याची तीन माणसं पहारी घेऊन उतरली. मी काळ्या कपड्यांत दुकानापाशी उभी होते. गास्पारे आत चर्चमध्ये होता, मोठं दार आतून उघडून ठेवलेलं. बाल्कन्यांतून सगळी आळी बघत होती. अकरा वर्षांनी पहिली पहार पडणार म्हणून बेकरीवाल्याने भट्टी सोडून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवले.

फिलिप्पो पहिल्या पत्र्याजवळ गेला. त्याने कागद पाहिला, टोपी काढली आणि क्रूसाची खूण केली. मग माझ्याकडे आला.

"सीन्योरा, हे आजचेच ना?"

"माझा नवरा. आत आहे. काढा लवकर."

"कसं काढू?" तो कुजबुजला. "माती व्हायच्या आत मेलेल्याचा कागद परक्याने काढला तर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. माझ्या घरी लहान मुलं आहेत."

"अहो, कागद नाही, पत्रा काढायचाय!"

"कागदासकट पत्रा ट्रकमध्ये टाकायचा? आणि नेऊन टाकायचा भंगारात? हे बाकीचे पण सगळे?" त्याने रांगेवरून हात फिरवला. "सीन्योरा, मला नोकरीवरून काढा, पण हे सांगू नका."

त्याच्या माणसांनी पहारी आधीच खाली ठेवल्या होत्या. एक जण तर ट्रकमध्ये जाऊन बसला.

मला राग कुणाचा यावा तेच कळेना. फिलिप्पोचा यावा तर तो आमच्यासारखाच माणूस. मीसुद्धा कधी परक्या मेलेल्याच्या कागदाला हात लावला नसता. तो कागद ऊन-पावसानं जावा, नाहीतर घरच्या माणसाने काढावा, हे मला आईने दुधाबरोबर पाजलेलं. अकरा वर्षं मी नगरपालिकेला शिव्या घालत होते, आणि अकरा वर्षं आम्हीच त्या पत्र्यांवर आमची माणसं नेऊन चिकटवत होतो. कुणी आम्हाला सांगितलं होतं? कुणी नाही. समोर भिंत आली की तिला माया लावायची, ही आमची जुनी खोड. नगरपालिकेने पत्रे ठोकले आणि त्यांचा देव्हारा आम्ही केला. आता तो देव्हारा माझ्या नवऱ्याच्या वाटेत उभा होता, आणि त्याच्यावर माझ्याच नवऱ्याचं तोंड!

"इग्नात्सिओ!" मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला एक पत्रा न सोडायला?"

"काल छान म्हणालात, वहिनी!"

"काल मी गाढव होते!"

मी पत्र्यापाशी गेले आणि गास्पारेच्या कागदाचा वरचा कोपरा नखाने उचकटला. बाल्कन्यांतून "हाय हाय" असा आवाज आला. कुणीतरी "दोन्ना एन्झा, नको!" म्हणून ओरडलं. मी ओढला. कागद मधून फाटला, अर्धा गास्पारे माझ्या हातात आला आणि अर्धा पत्र्यावर राहिला. त्याची हनुवटी आणि टाय तेवढा तिथं. मला रडू कोसळलं, पण हात थांबले नाहीत. दोन दिवसांत पहिल्यांदा रडत होते ते हे असं, पत्रा खरवडत. त्याचे सगळे कागद काढले, तुकडे घडी करून पोटाशी धरले आणि चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"माझा मी काढला!" मी वर बघून ओरडले. "मला पाप लागायचं ते लागलं. आता खाली या आणि आपापला माणूस घेऊन जा. दुसऱ्याने हात लावायचा नाही ना? मग स्वतः लावा!"

मग बेकरीवाला पेप्पे भिंगरीसारखा फिरला, दुकानात गेला आणि कणीक खरवडायची पट्टी घेऊन आला. त्याच्या बायकोने ती हातातून घेतली.

"तुझी आई आहे, पण लावली मी होती," ती म्हणाली आणि कागद खरवडायला लागली. कागद निघेना. "बघा, जिवंतपणी घर सोडलं नाही, आता पत्रा सोडत नाही."

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने जिने वाजायला लागले. माणसं खाली आली. कुणी ओली फडकी आणली, कुणी सुरी. आपल्या बापाच्या कागदावर पाणी शिंपडताना म्हातारा शिंपी "माफ कर, बाबा" म्हणत होता. काढलेला कागद टाकणार कुठं? मेलेल्याचा कागद कचऱ्यात जात नाही. म्हणून जो तो आपला कागद हातात धरून उभा राहिला. पत्रा मोकळा झाला की फिलिप्पोची माणसं तो उचकटून ट्रकमध्ये टाकत होती. पत्रे पडले तशा पायऱ्या दिसल्या, मग कारंजं, मग चर्चचं दार, आणि दारातून आत मेणबत्त्या. आमच्यातल्या लहान पोरांनी तर हे कधी पाहिलंच नव्हतं. ती पायऱ्यांवर नुसती चढत-उतरत होती.

शेवटी एक पत्रा राहिला. आमच्या दुकानाच्या थेट पुढ्यातला.

तो मेल्कियोर्राचा. म्हणजे तिच्या पोराचा, दारिओचा. एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलवरून गेला. काचेखाली त्याचा हसरा फोटो, त्याच्या फुटबॉल संघाचा मफलर, रोज ताजं फूल. दफनभूमी डोंगरावर आहे, मेल्कियोर्राचे गुडघे तिथवर चढत नाहीत. ती रोज सकाळी ह्या पत्र्यापाशी येऊन पोराशी बोलायची. तळणीचे तेलकट शिंतोडे काचेवर उडायचे ते गास्पारे पुसायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. पण त्या घडीला मला तिच्या दुःखाची नाही, फक्त पत्र्याची आठवण होती.

ती पत्र्याला पाठ लावून उभी होती.

"मेल्कियोर्रा, काढ," मी म्हटलं.

"नाही."

"सगळ्यांनी काढले."

"सगळ्यांची पिकली पानं होती. काढले, घडी केली, झालं. मी हे काढून कुठं लावू? घरात? घरात मला त्याची खोली बघवत नाही."

"अगं, प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली! गास्पारेची पेटी थांबणार कुठं? दुकानच दिसत नाही. माझ्या नवऱ्याची फेरी अडलीय तुझ्यामुळं!"

"आणि माझ्या पोराची?" ती एकदम ओरडली. तिचा आवाज मी कधी वर गेलेला ऐकला नव्हता. "माझ्या पोराची झाली का फेरी? त्याला कसा नेला, विसरलीस? गल्लीत मासळीच्या पाण्यावरून त्याच्या मित्राचा पाय घसरला. पेटी भिंतीवर आपटली. आतून आवाज आला, एन्झा. मी आई आहे. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुझ्या नवऱ्याने सत्तरी पाहिली, त्याला फेरी पाहिजे, बँड पाहिजे. माझ्याला काय मिळालं? हा एक पत्रा. तोही तूच ने!"

तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. माझा आला. त्या सही जपणाऱ्या दोत्तोरेचा आला, की तो ह्या वेळी कॉफी पीत बसला असेल आणि इथं दोन काळ्या कपड्यांतल्या बायका एका पत्र्यासाठी एकमेकींच्या उरावर बसल्यात. चर्चमधून घंटा झाली. मी पायातला बूट दगडावर आपटला.

"मग ने ना त्याला!" मी किंचाळले. "अडवलंय कुणी? आहे तसा ने! पत्र्यासकट ने!"

लोक आता सांगतात की मी हे मायेने बोलले. साफ खोटं. मी चिडून बोलले. तोंडाला येईल ते बोलले.

पण मेल्कियोर्रा माझ्याकडे बघत राहिली. मग वळली, काचेवर तळवा ठेवला आणि फिलिप्पोला म्हणाली, "उचलाल?"

फिलिप्पोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आईची परवानगी असेल तर उचलतो, काकू."

"मी हात लावलाय. आता तुम्ही लावा."

त्यांनी पहार घालून ठोकळा फोडला. तारा सोडल्या, पण काच, मफलर, फूल कशाला धक्का लावला नाही. पत्रा आडवा केला आणि चौघांनी खांद्यावर घेतला. दारिओ आभाळाकडे तोंड करून. ट्रकमध्ये बसलेला तो चौथासुद्धा उतरून आला होता.

प्रार्थनेनंतर गास्पारे मोठ्या दरवाजातून बाहेर आला. इग्नात्सिओ पुढच्या बाजूला, दोन्ही गाल ओले. दुकानांची शटर्स अर्ध्यावर आली. बँडवाल्यांना फेरीचं संगीत येत नव्हतं, सवयच मोडलेली; त्यांनी आधी भलतंच काहीतरी वाजवलं, मग म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याने सूर धरला. पायऱ्या उतरताना पेटी जराही कलली नाही. मी पेटीमागे, माझ्यामागे तो पत्रा, आणि पत्र्यामागे अख्खी आळी, हातात आपापले कागद घेऊन. शिंप्याने बाप छातीशी धरला होता. बेकरीवालीने सासू गुंडाळली होती, ती वाटेत उलगडून सरळ केली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, आज एकट्या गास्पारेची फेरी चालली नव्हती. जे जे मागच्या गल्लीतून गेले होते ते सगळे चौकात चालत होते.

कारंज्याला वळसा घालून आम्ही दुकानापुढं आलो. पेटी थांबली. मी पुढं झाले, शटर वर केलं. आत थंड कढई, पिठाचं पोतं, त्याचा एप्रन खिळ्यावर. "झालं, गास्पारे. चल आता," मी म्हटलं आणि शटर सोडलं. ते खाली आदळलं तो आवाज चौकभर गेला.

आता दुकान बंद. चाळीस दिवस त्या शटरला हात लावायचा नाही, अशी रीत. पेटी पुढं सरकली, आणि तिच्या जागी मागचा पत्रा आला. चौघे थांबले. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. दारिओचं दुकान नव्हतं, स्वतःचं दार नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोराचं काय असतं! मेल्कियोर्रा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तो रोज इथंच थांबायचा, एन्झा. शाळेतून आला की."

मला ठाऊक होतं. त्याला लिंबू जास्त लागायचं.

मी रीत मोडली. वाकले आणि शटर पुन्हा उचललं. ते अर्ध्यात अडकलं. मेल्कियोर्राने खालून हात घातला आणि आम्ही दोघींनी मिळून ते वर नेलं, पार वरपर्यंत, आणि धरून उभ्या राहिलो. पत्र्यावरच्या काचेत ऊन चमकत होतं. कुणी रडत होतं, कुणी प्रार्थना म्हणत होतं. मला मात्र त्या क्षणीही राग येत होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्या पोराची फेरी व्हायला माझा नवरा मरावा लागला.